एका काडीत पेटणारी बुखारी

पोस्टिंगचा हुकूम सप्टेंबरच्या शेवटी आला. उत्तरेची एक चौकी, उंची साडेबारा हजार फूट, मुक्काम एप्रिलपर्यंत. माणसं नऊ. कमांडर हवालदार शिंदे. मी शिपाई हरेश नाखवा, वय तेवीस, राहणार ठाणे कोळीवाडा. भरतीला जाईपर्यंत मी बर्फ फक्त माशांच्या पेटीत पाहिला होता.

गावाकडे लोक मला शत्रूबद्दल विचारतात. त्या हिवाळ्यात शत्रू आम्हाला एकदाही दिसला नाही. आमचं रोजचं काम होतं बुखारी पेटवणं. बुखारी म्हणजे पत्र्याचं उभं पिंप, खाली राखेचं दार, वरून छताबाहेर गेलेलं धुराडं. बंकर दोन, बुखाऱ्या दोन. ती पेटली तर बर्फ वितळून पाणी मिळतं, मोजे वाळतात, बोटं चालतात. नाही पेटली तर यातलं काहीच होत नाही.

आधी केरोसीन यायचं. त्या वर्षी चाचणी म्हणून नवं इंधन दिलं होतं. लाकडाचा भुसा यंत्रात दाबून केलेल्या, बोटाएवढ्या कांड्या. पोत्यावर निळा शिक्का होता, त्यात शेवटचा शब्द ‘ठाणे’. पहिलं पोतं उघडलं त्या दिवशी मी तो शिक्का सगळ्यांना दाखवत फिरलो. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये अठरा वर्षं मशीनवर होते. तिथलं काही आपल्यामागे इतक्या वर चढून आलंय, याचं मला कौतुक वाटलं.

कांड्या पेटत नव्हत्या.

कागद जळून जायचा, कांडी काळी व्हायची, विझायची. केरोसीन ओतून काडी लावायची नाही हा कडक नियम होता, कारण भडका छताला लागतो. मग आम्ही फुकटात होतील त्या युक्त्या शोधल्या. गोणपाटाची पट्टी मेणात बुडवून. बूट पॉलिशच्या रिकाम्या डबीचा तळ खरवडून. कापसाच्या वातीला डालडा चोपडून. रेशनच्या खोक्याच्या फळ्या काडीएवढ्या बारीक चिरून. एका पेटवणीला वीस-पंचवीस मिनिटं आणि अर्धी काडेपेटी जायची.

मी घरी पत्रात हे लिहिलं. महिन्याने पार्सल आलं. आयने बोलून बाबांकडून लिहून घेतलेली चिठ्ठी होती: “तुज्या डोंगरान चूल नाय पेटत, तं मना आदी सांगाचा व्हता.” आत पन्नास काकडे होते. होडीच्या जुन्या काथ्याचे दोर उसवून, पिळून, राळ आणि मुशी माशाच्या तेलात मुरवलेले. याच तेलाने आमच्याकडे होडी माखतात. पावसाळ्यात ओली लाकडं असली की आय चुलीखाली असाच एक काकडा सारते. घरात टाकून दिलेल्या वस्तूंचाच तो बनतो.

काकडा खाली ठेवला, वर कांड्या रचल्या, एक काडी लावली. दोन मिनिटांत बुखारी पेटली. बंकरभर माशाचा वास सुटला.

“नाखवा, होडी कधी सोडतोस?” लान्स नायक भोईटे म्हणाला. तेव्हापासून माझी रोजची ओळख तीच झाली. होडी सुटली का, एवढंच सगळे विचारायचे.

भोईटे साताऱ्याकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, माझ्या शेजारच्या फळीवर झोपायचा. त्याला प्रत्येक गोष्ट तपासून पाहायची सवय होती. दोर ताणून बघायचा, डबा हलवून बघायचा. एके दिवशी त्याने मेसटिनमध्ये, म्हणजे जेवणाच्या डब्यात, पाणी घेतलं आणि सात कांड्या टाकल्या. सातही बुडाल्या.

“भुसा तळाला जातोय होय? कुणाला सांगतोय?” तो म्हणाला.

मी म्हणालो, दाबून केल्यात, म्हणून जड झाल्या असतील. त्याच आठवड्यात राख काढताना मला एक शिंपली सापडली. नखाएवढी, भाजून पांढरी झालेली. असल्या शिंपल्या आमच्या खाडीच्या चिखलात पायाखाली येतात. मला घराची आठवण आली, मी ती पुसून पाकिटात ठेवली. भोईटेला दाखवलीसुद्धा. भुशाच्या कांडीत शिंपली कुठून आली, हा प्रश्न मला पडला नाही. खाडीकाठी वाढलेल्या माणसाने ओळखायलाच हवं होतं ते मी ओळखलं नाही.

भोईटेच्या आग्रहावरून हवालदार शिंदेंनी इंधनाबद्दल लेखी तक्रार खाली पाठवली. डिसेंबरच्या मध्यात एक अधिकारी तपासणीला आले. सकाळी अकराला पोहोचले. हवामान बिघडत होतं, त्यांच्याकडे वीस मिनिटं होती.

“इथे बुखारी कोण पेटवतं?”

शिंदेंनी माझ्याकडे पाहिलं.

“पेटवून दाखव.”

मी पेटवली. काकडा मुठीत होता. नेहमीसारखा खाली सारला, कांड्या रचल्या, एक काडी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं. त्यांनी विचारलं, कुठला तू? मी म्हणालो, ठाणे, साहेब. ते पोत्यावरच्या शिक्क्याकडे बघून हसले. मग घरचाच माल आहे, म्हणाले. मीही हसलो. खाली काय ठेवलंस, असं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? कारण माझ्या हाताचं कौतुक होत होतं. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

भोईटे मेसटिनमध्ये पाणी घेऊन आला, तोवर साहेब उतरणीला लागले होते. त्याने पाणी बर्फात ओतलं.

“लेका, तू आयचा काकडा पेटवलास. कांडी कुठं पेटवलीस?”

एवढंच बोलला. संध्याकाळी पुन्हा होडीवरून चिडवलं. मनात ठेवणारा माणूस नव्हता.

पुढचा लॉट जानेवारीत आला. शिक्का तोच. कांड्या आणखी जड, रंग राखाडी. शेवटचा काकडा मी जानेवारीच्या अखेरीस वापरला. आयने दुसरं पार्सल पाठवलं होतं, पण ते खाली तळावर अडकलं, कारण वाट बंद झाली होती.

फेब्रुवारीत सलग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी सकाळी सहाला पडायचं थांबलं. सव्वासहाला भोईटे सेंट्री ड्यूटी संपवून आत आला. त्याच्या भुवयांवर बर्फ होता. मी सगळ्या युक्त्या लावून बुखारी पेटवत होतो. गोणपाट झालं, मेण झालं, फळ्या झाल्या. कांड्या काळ्या पडल्या. ज्वाला नाही. पत्र्याला हात लावला तर कोमटही नव्हता.

पोस्टवर नियम होता. झोपलेला माणूस आणि पेटलेली बुखारी एकत्र ठेवायची नाहीत. ठेवायचीच असतील तर दर अर्ध्या तासाने कुणीतरी आत डोकावायचं. मी कांड्या उपसून बाहेर टाकायला निघालो. भोईटे स्लीपिंग बॅगेत शिरला होता.

“राहू दे लेका. ती कुठं पेटतीय.”

मी राहू दिलं. थंडी आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं, फटीत गोणपाट कोंबलं. सात वाजता शिंदेंनी सगळ्यांना टेलिफोनची लाइन उकरायला घेतलं. पेटलेली बुखारी असती तर एक माणूस मागे ठेवला असता. विझलेल्या बुखारीसाठी कुणी ठेवलं नाही.

ती विझली नव्हती. आत पोटात धुमसत होती. तीन दिवसांच्या बर्फाने धुराड्याचं तोंड अर्धं बुजलं होतं. माती मिसळलेलं इंधन जळत नाही, नुसतं कोंडून धुमसतं. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

नऊ चाळीसला मी दुसऱ्या बंकरातून चहाचा मग घेऊन आलो आणि दार उघडलं. भोईटे कुशीवर होता, चेहरा शांत, गाल लाल. मी दोनदा हाक मारली. मग ओढून बाहेर बर्फावर घेतला. शिंदेंनी छाती दाबायला सुरुवात केली. मी वायरलेसवर गेलो.

“एक जवान बेशुद्ध. श्वास नाही. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर.”

“हेलिकॉप्टर नाही. हवामान खराब. प्रयत्न चालू ठेवा. ओव्हर.”

आम्ही आळीपाळीने दहा पन्नासपर्यंत प्रयत्न केले. मग शिंदेंनी त्याचे हात सरळ केले आणि स्वतःची टोपी काढली.

दुपारी मी बुखारी रिकामी केली. राखेपेक्षा भाजलेला चिखलच जास्त निघाला. त्यात तीन शिंपल्या होत्या. त्या दिवशी मला त्या कुठून आल्या ते कळलं. त्याच्या घरी गेलेल्या पत्रात कारण लिहिलं गेलं: प्रतिकूल हवामान.

मे महिन्यात मी सुट्टीवर आलो. पोत्यावरचा शिक्का घेऊन आधी वागळे इस्टेटमध्ये गेलो. तिथे नुसतं ऑफिस होतं. माल शहाडला बनतो, असं कळलं. नदीकडच्या अंगाला एक शेड होती. दारात भुशाचा ढीग आणि त्याला लागून दुसरा ढीग, ओला, काळा. त्याचा वास मी डोळे बांधूनही ओळखला असता. खाडीचा गाळ. टेबलामागे बसलेला माणूस उठून उभा राहिला.

“अरे, हरेश!”

ते प्रभाकरकाका होते. बाबांच्या युनियनचे सेक्रेटरी. मी अक्षरं वाचायला त्यांच्या पत्रकांवर शिकलो. ते मजकूर लिहायचे, बाबा आमच्या ओटीवर सायक्लोस्टाइल फिरवायचे, मी ओले कागद दोरीवर वाळत घालायचो. काकांचा नियम होता की ज्याच्या खाली नाव नाही ते पत्रक वाटायचं नाही. बोलणाऱ्याने उभं राहून बोलावं, म्हणायचे. मी फौजेत जाताना घरातले सगळे रडत होते, तेव्हा एकट्या काकांनी पाठ थोपटली होती. कारखाना बंद पडल्यावर ते डोंबिवलीला राहायला गेले, एवढंच मला माहीत होतं. आता ते या शेडचे मॅनेजर होते.

त्यांनी चहा मागवला. ते खरोखर खुशीत होते.

“तुझ्यामुळे वाचलो आम्ही. पहिल्या लॉटवर तक्रार आली होती. मग तपासणीचा अहवाल आला, जवानाने दोन मिनिटांत पेटवून दाखवली. जवान ठाण्याचा, हे कळल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, हा आपला हरेशच असणार.”

मी विचारलं, कांड्यांत गाळ किती घालता?

“थोडा लागतोच. नाहीतर कांडी सुटते.”

“अहवालानंतर किती?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. वजनावर माल जातो, मालकाचा दबाव असतो, चाळीस माणसांची चूल या शेडवर आहे, असं बरंच सांगितलं. शेवटी म्हणाले, “पण पेटत होती ना, हरेश? तूच पेटवलीस.”

मी तीन शिंपल्या टेबलावर ठेवल्या. भोईटेबद्दल सांगितलं. नाव, वेळ, दाराच्या फटीतलं गोणपाट, सगळं. काकांचा आवाज बदलला. युनियनच्या सभेत मालकाशी बोलताना लावायचे तो आवाज त्यांनी माझ्यासाठी काढला.

“तू दाखवलं नसतंस तर लॉट परत आला असता. तक्रार करशील तेव्हा हेही लिहिशील?”

मी चहा तसाच ठेवून उठलो. शहाड स्टेशनपर्यंत चालत आलो. मालकाकडून मी काही वेगळं अपेक्षिलं नव्हतं. पण ज्या माणसाने मला कागदावर विश्वास ठेवायला शिकवलं, त्याने एका कागदाच्या आड गाळ भरला होता, आणि त्या कागदावर माझं काम होतं.

मी लेखी निवेदन दिलं. कारखान्याचं आणि मॅनेजरचं पूर्ण नाव त्यात आहे. इथे छापता येत नाही. मुठीतल्या काकड्याची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात लिहिली. पोच मिळाली. पुढचं उत्तर अजून आलेलं नाही. दर सहा महिन्यांनी मी पुन्हा पाठवतो. फौज सोडल्यावरही पाठवतो.

त्याच सुट्टीत मी खोपटच्या स्टँडवरून एसटी धरून भोईटेच्या गावी गेलो. त्याची आई चुलीपुढे बसली होती. मी नाव सांगितलं.

“होडीवाला? एका काडीत पेटवतोस म्हणं. तुक्यानं लिवलं हुतं,” ती म्हणाली आणि काडेपेटी माझ्यापुढे केली.

मी चूल पेटवली नाही. आधी सगळं सांगितलं, तिच्यासमोर, उभं राहून. हवामान नव्हतं, असं सांगितलं. माझी मूठ उघडून दाखवली. तिने काडेपेटी परत घेतली आणि चूल स्वतः पेटवली. भाकरी केली. मला वाढली.

निघताना म्हणाली, “लिवता येतं न्हवं तुला? मग ह्ये लिव. त्याचं नाव समदं घाल.”

म्हणून लिहिलं.

लान्स नायक तुकाराम रामचंद्र भोईटे. वय सत्तावीस. त्याने कांडी पाण्यात टाकून पाहिली होती.