वाळू की दगड

सत्तरच्या दशकात मी मौद्याहून एस.टी.ने नागपूरला डबाभर जिवंत महसीर मासे नेत होतो. कन्हान नदीत ते विरळ होत चालले होते. वाटेत बस बंद पडली आणि मासे वर येऊन तोंड वासू लागले. शेजारी बसलेल्या अनोळखी मावशी पिशवीतून गिलास काढून, दूध निववावं तसं डब्यातलं पाणी उंचावरून पुन्हा डब्यात ओतू लागल्या. मासे सावरले.

"काहून नेऊन राहिला गा?"

"टाकीत सोडून बघायचंय, यांना राहायला वाळू आवडते की दगड."

मावशी हसल्या. "मासोयाइले इचारून राहिले, घर कोन्तं पायजे म्हून! मले तं कोनं इचारलं नोतं. काय म्हनतेत ते सांगजो."

बस सुरू झाली, तरी नागपूरपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. पुन्हा त्या भेटल्या नाहीत, म्हणून इथंच सांगतो. मावशी, तुमच्यामुळे सगळे जगले. आणि त्यांनी दगडांतलं घर पसंत केलं.