चिमूटभर हळद आणि कचेरीचं छत

समस्त इंदूरकरांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आपल्या जुन्या कचेरीचं मोठं दालन आज उभं आहे, त्याचं श्रेय कुठल्याही मंत्र्याला नसून चिमूटभर हळदीला आहे. मी हयात साक्षीदार आहे. हसू नका.

मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं आणि मी काकांच्या हाताखाली नवशिका वकील होतो. होळकरी अमदानीतल्या त्या दालनानं पहिल्याच दिवशी माझी बोलती बंद केली. सागवानी खांब इतके उंच, की वर बघताना टोपी हातानं धरावी. आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी नुसतं कुजबुजलं, तरी शेवटच्या बाकावर ऐकू जाई. कारागिरांनी हे कसं साधलं, देव जाणे! आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

एके दिवशी बांधकाम खात्याचे इंजिनिअर आले. "छत धोकादायक आहे. दालन पाडावं लागेल."

काकांचा सगळा जन्म त्या छताखाली गेलेला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, इथे म्हणणं शपथेवर मांडतात."

त्यांनी बोट दाखवलं त्या पिंजऱ्याशेजारच्या कोनाड्यात बेलभंडाराचं तबक असे: बेलाचं पान आणि खंडोबाची हळद. पूर्वी साक्षीदार ते उचलून शपथ घेत. नव्या राज्यात ती रीत बंद झाली, पण कारकून ताजं पान ठेवायचे ते ठेवायचेच.

"अहो वकीलजी, जमाना बदल गया!" साहेब हसले.

"मग उचलायला काय हरकत आहे?"

साहेब इंदुरातच, बडा गणपतीच्या देवळाजवळ वाढलेले, घरचं कुलदैवत खंडोबा. हसत हसत पिंजऱ्यात चढले, तबक उचललं आणि हसू विरलं. झरोक्यातून उन्हाची तिरीप नेमकी हळदीवर पडली होती. सगळं दालन श्वास रोखून उभं असल्यासारखं वाटलं. बाकांवरची वकीलमंडळी तर नकळत उठून उभी राहिली.

"म्हणा," काका म्हणाले, "छत मी स्वतः वर जाऊन तपासलं."

साहेब काकांच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू पुटपुटले. पण तो पिंजरा कुणाचं गुपित ठेवत नसे. शेवटच्या बाकापाशी मला लख्ख ऐकू आलं:

"काका, वर चढलोच नाही हो मी! वटवाघळं आहेत तिथं, अन् मला त्यांचा बहोत डर लागतो!"