तुवालूला जायचंय, तर म्हणे मुलाला विचारा

करामातल्या मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

मला तुवालूला जायचंय. पॅसिफिक महासागरातला प्रवाळबेटांचा चिमुकला देश. मधे शांत निळं पाणी, भोवती जमिनीची अरुंद कड. शेवटच्या आजारपणात माझ्या नवऱ्याला, पास्कलला, मी त्याबद्दल वाचून दाखवायचे. तो म्हणायचा, "तिथे जाऊन बोंबील वाळवणार काय?" आणि पुढचं पान वाचायला लावायचा.

आज ट्रॅव्हल एजंटकडे गेले. आमच्या वसईचाच. म्हणाला, "आंटी, वेलंकनीच्या यात्रेला चला ना! सगळ्या विडो आंटी येतायत. जेवण, रोझरी, सगळं इन्क्लुडेड."

"मला समुद्र बघायचाय."

"समुद्र तिथेही आहे की!"

मग माझ्यासमोरच त्याने माझ्या मुलाला फोन लावला. केविन स्पीकरवर ओरडला, "मॉम, आर यू सीरियस? अलोन?"

एजंट म्हणाला, "केविन हो म्हणू दे, मग बघू."

इतकी वर्षं इथे आखातात नोकरी करून मी घर चालवलं, तेव्हा कुणी केविनला विचारलं नव्हतं!

मी पासपोर्ट उचलला. दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "खलास. मी परवानगी मागायला आले नव्हते." घरी येऊन फिजीपर्यंतचं तिकीट स्वतःच काढलं.

वेलंकनीच्या माऊलीकडे मी जाईनच. पण नवरा गेला की बाईने फक्त प्रार्थनेसाठीच प्रवास करायचा, हे कुणी ठरवलं?

फिजीहून पुढे तुवालूच्या विमानाचं कसं करायचं, कुणाला माहीत असेल तर सांगा. जाऊ नको म्हणणारा घरात एक आहे, तेवढा पुरे.