चार पॉइंट चौऱ्याहत्तर

चौऱ्याहत्तर सर वर्गात यायच्या आधी त्यांचा वास यायचा. बफर करून करून ॲसिटिक ॲसिडचा आंबूस वास त्यांच्या अंगाला कायमचा लागला होता. पूर्णा पॅसेंजरमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची म्हणे, आणि सर तिच्यावर पाय पसरून खूश असायचे.

हे नाव त्यांनीच ओढवून घेतलं होतं. बफरचा पीएच काढायचा तर आम्लाचा पीकेए, म्हणजे त्याचा ठरलेला आकडा, घ्यायचा आणि त्यात क्षार भागिले आम्ल याचा लॉग मिळवायचा. दोन्ही सारखे असले की लॉग शून्य, उरतो नुसता पीकेए: चार पॉइंट चौऱ्याहत्तर. हे ते इतक्यांदा म्हणायचे की मागचा बाक सुरात उत्तर द्यायचा. "बफर म्हंजे घरातली थोरली सून," ते सांगायचे. "कुनी आंबट बोलू दे, कुनी कडू, तिचा चेहरा हालत न्हाई."

कॉलेजातलं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र मात्र आम्ही यायच्या आधीपासून बंद होतं. अर्ज जात होते, मेकॅनिक येत नव्हता. म्हणून सगळी द्रावणं बोअरच्या पाण्यात व्हायची. "गणित वहीत करा, पन रीडिंग मीटरचं लिवा. मीटर काय दाखवायलाय ते लिवायला लाज कसली?" असं सर म्हणायचे. आम्ही मान डोलवायचो आणि चौऱ्याहत्तर लिहायचो.

बीएस्सीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला हाच प्रयोग आला. मी आधी एकदा नापास झालेली, आणि या वेळीही नापास झाले तर बसायला म्हणून वडिलांनी घरी शिलाई मशीन आणूनच ठेवली होती. लॉग मला येत नव्हता, आणि गणित न मांडता चौऱ्याहत्तर लिहिलं तर कॉपी ठरली असती. गणिताची जागा कोरी सोडून मीटरवर दिसलं ते लिहिलं, चार पॉइंट अठ्ठ्याऐंशी. बाकी सगळ्यांचं चौऱ्याहत्तर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या उत्तरावर फुली मारली.

सरांनी माझ्याच बीकरमध्ये मीटर बुडवून त्यांना दाखवला. अठ्ठ्याऐंशी.

"आमच्या बोअरच्या पान्यात क्षार लय. ते ॲसिड खातंय, पीएच चढतोय. ह्या पान्यात चौऱ्याहत्तर येतच न्हाई, साहेब. सगळ्यांत एकटीनं मीटर बघितलाय."

कॉलेजचं बिंग त्यांनी पाहुण्यापुढे स्वतःच फोडलं. प्राचार्य पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मी काठावर पास झाले. पेढे घेऊन गेले तर सर म्हणाले, "खरं लिवलंस, पन इमानदारीनं न्हाई, आळसानं. आता लॉग शिक."

शिकले. आता परभणीत पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या वर्षी सर राणीसावरगावहून आपल्या बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन आले. माझ्यासमोर बाटल्यांचा ढीग होता.

"सर, तुमच्याकडच्या पाण्याचा मला अंदाज आहे. पीएच साडेसात टाकते."

सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मीटर बंद हाय का?"

मी मीटर लावला. आठ पॉइंट एक.

बाकीच्या तपासण्यांना दोन दिवस लागणार होते. रिपोर्ट न्यायला सर आले नाहीत, ते गेल्याचा फोन आला. मी सगळ्यांसमोर रडले.

तो रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ढीग वाढला की हात अजूनही अंदाजाकडे जातो, आणि मग मी निमूट मीटर लावते.