चाचांनी हात मागे घेतला

देवावर माझा विश्वास होता, पण हुकूम सोडण्यापुरता. दूध उतू जाईल म्हणून एक डोळा गॅसवर ठेवून मी लिंगपूजा उरकायची आणि उठता उठता देवाला दिवसभराची कामं सांगायची. आमच्या यांची मान धरली तेव्हाही मी देवाला बजावलं, सोमवारपर्यंत बरं कर, दुकानात माल यायचाय. डाव्या बाजूला कानामागं चार दिवस ठणका होता. पडले नाहीत, ओझं उचललं नाही, बीड जिल्ह्यातल्या शिरूरच्या आमच्या किराणा दुकानात बसल्या बसल्या दुखायला लागलं. अर्धं डोकंही दुखायचं, डाव्या डोळ्याची पापणी जरा उतरलेली दिसायची. मी म्हटलं, उसण भरली, दुसरं काय!

आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना आधी पाय आलेल्याचा, पाय लावून घेतात. शेजारची सून पायाळू, तिनं लाजत लाजत यांच्या मानेला तीनदा पाय लावला. काडीचा फरक पडेना. मग मीच हट्ट धरला, मान मोडून घेऊ. पलीकडच्या गावात एक चाचा आहेत, फळांचा गाडा लावतात आणि तिथंच सावलीत बसून लचकलेलं, निखळलेलं बसवून देतात. त्यांनी झटका दिला की मान सुटलीच म्हणून समजा. हे नको नको म्हणत होते, पण माझ्यापुढं यांचं कधी चाललंय!

चाचांनी यांना पाटावर बसवलं. एक हात हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्यामागं. आता कट्टकन आवाज येणार म्हणून मी श्वास धरून उभी होते. तेवढ्यात ते थांबले, वाकून यांच्या डोळ्यांकडं बघत राहिले आणि दोन्ही हात अलगद मागे घेतले.

"ताई, ह्यो डोळा कवापासून असा हाय?"

"डोळ्याचं काय घेऊन बसलात? तुम्ही मान बघा."

"न्हाई. हे हाडाचं दुखणं न्हाई. मी हात लावत न्हाई. बीडला न्या, आत्ताच्या आत्ता."

मला असा संताप आला! दोन तास ताटकळत बसवलं आणि आता नाही म्हणतात. "येत नसेल तर लोकांना कशाला बसवून ठेवता?" मी चारचौघांत बोलले. चाचा उठले. रस्त्यावर जाऊन त्यांनी जीप थांबवली, पुढची जागा रिकामी करायला लावली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दमानं ने बे. ह्येंच्या मानेला गचका बसता कामा नये."

अर्ध्या वाटेत यांच्या उजव्या हातातून पाण्याची बाटली गळून पडली. काय झालं म्हणून विचारलं, तर नुसते माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलायचे, शब्द फुटेना.

बीडच्या दवाखान्यात एमआरआयसाठी अंगावरचं सगळं काढा म्हणाले. यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. जिवंतपणी लिंग अंगावेगळं करायचं नाही, ही आमची लिंगायतांची रीत. बोलता येत नव्हतं, तरी डाव्या हातानं यांनी डबी घट्ट धरली. ती बोटं मी एकेक करून सोडवली. आपण यांचा जीवच काढून घेतोय असं वाटत होतं. बाहेर बाकावर मी लिंग तळहातावर घेऊन बसले. देवाला हे कर, ते कर म्हणायची सवय, पण त्या दिवशी मला काही सुचेना. एवढंच म्हटलं, महादेवा, माझी अक्कल संपली, आता तूच बघ.

डॉक्टर बाहेर आले. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचा आतला पदर आपोआप फाटला होता. त्या फटीत रक्त गोठून एक गुठळी मेंदूत गेली होती. रक्त पातळ ठेवायचं औषध सुरू केलंय, बऱ्याच जणांची धमनी हळूहळू भरून येते, पण पहिले काही दिवस नाजूक, आत्ताच काही सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुणी मान मोडली-बिडली नाही ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. "नशीब तुमचं," म्हणाले. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि पदरात तोंड घालून रडले.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. यांनी पाणी मागितलं तरी जीव दचकायचा. आता तीन महिने झाले. धमनी बरीचशी भरून आलीय, हातानं वजन उचलता येतं. अजून कधी मिठाला साखर म्हणतात, गिऱ्हाईक हसतं, हेही हसतात. मला मात्र हसू येत नाही. बोलता बोलता हे जरा थांबले की मी हातातलं काम टाकून यांच्या तोंडाकडं बघते.

परवा यांना घेऊन चाचांकडं गेले. पाया पडायला वाकले तर ते संकोचून मागं सरकले. मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी मी लई वाईट बोलले. तुम्ही यांचा जीव वाचवला."

"आमी काय केलं, ताई?" ते म्हणाले. "आमी तर काहीच केलं न्हाई."

येताना एसटीत माझ्या मनात तेच घोळत राहिलं. मला तर काही ना काही केल्याशिवाय चैनच पडत नाही, आणि त्यापायीच मी यांना घालवून बसले असते. देवानं त्या दिवशी त्या दोन हातांना फक्त थांबवलं. शेजारी हे खिडकीला डोकं टेकून झोपले होते. त्यांना हलवून बघावंसं फार वाटलं. मी हात मांडीवर ठेवला आणि बसून राहिले.