ऑर्विनच्या नावावरच्या चौदा चुका

ऑर्विन ऑस्टरकॅम्प माझा धाकटा भाऊ. सख्खा. आणि अख्ख्या मिनेसोटात तिसऱ्या बेसवर त्याच्यासारखा गडी उभा राहिला नाही, हे मी छातीठोक सांगतो. शाळा माझी आठवीपर्यंतच, पण बेसबॉल मला कळतो. कौंटीच्या मानाच्या भिंतीवर माझा स्वतःचा फोटो आहे, उगाच नाही.

बावीस उन्हाळे तो आमच्या गावाच्या, न्यू लिंडनच्या टीमकडून खेळला. आठवडाभर डेअरीत दुधाचे कॅन उचलायचा, रविवारी चर्च उरकलं की मैदानात. बॅट त्याची बेताचीच, खोटं कशाला बोलू? पण कुणी जमिनीलगत चेंडू मारला की हा उघड्या हातानं उचलणार, आणि पडता पडता मैदानाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला माझ्याकडं फेकणार. मी पहिल्या बेसवर. पळणारा पोचायच्या आत चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये. गडी बाद! एकदा तर घसरून बसला आणि बसूनच फेकला. पंचच टाळ्या वाजवायला लागला, मग त्याला आठवलं आपण पंच आहोत.

तरी भिंतीवर ह्याचा फोटो नाही. दोनदा निवड समितीपुढं नाव गेलं, दोनदा मतांत पडलं. तिसऱ्यांदा पडलं की परत कधीच नाव घालायचं नाही, असा नियम. ती तिसरी खेप गेल्या रविवारी होती.

चर्चच्या तळघरात सॉसेज आणि आंबट कोबीचं जेवण झालं. समितीचा म्हातारा आलॉइस टर्हार जुनं स्कोअरबुक उघडून बसला.

"लॅम्बर्ट, भाऊ तुझा गुणाचा आहे रे. पण शहाऐंशी साली ह्याच्या चौदा चुका आहेत. चौदा वेड्यावाकड्या फेकी! आणि त्याच साली तुझी एकही चूक नाही. म्हणून तर तू भिंतीवर आहेस."

ऑर्विन मान खाली घालून बशीतली गोड पाई चिवडत होता. रुबार्बच्या आंबट देठांची, त्याच्या आवडीची. आमच्याकडं घरच्या टीमचं पुस्तक तेच खरं, आणि त्या साली ते पुस्तक कोण लिहीत होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

उठलो. "त्या चुका ह्याच्या नाहीत. फेकी सरळ माझ्या छातीवर यायच्या. मीच सोडल्या."

"सोडल्या म्हणजे?"

"म्हणजे हातातून पडल्या! बहिरा झालास का आलॉइस?"

"मग पुस्तकात असं कसं?"

सगळ्यांनी माझ्या बायकोकडं बघितलं. रोझेला कॉफीची किटली घेऊन उभी होती.

"बघताय काय? अठरा वर्षांची होते मी, लग्न व्हायचं होतं. पहिल्या बेसवर इतका देखणा दिसायचा हा! ह्याच्या नावावर चूक लिहायला पेन्सिलच उठेना. म्हणून ऑर्विनच्या नावावर टाकली."

"एक?" आलॉइसनं विचारलं.

"सगळ्या चौदा."

मग ती ऑर्विनकडं वळली. "तुला माहीत होतं?"

"पुस्तक वाचता येतं मला, वहिनी."

"मग गप्प का बसलास?"

"बोललो असतो तर तू ह्याच्याशी लग्न केलं असतंस? हा जन्मभर माझ्याच घरी जेवायला आला असता!"

तळघर नुसतं हसून गदगदलं. आलॉइसची कवळी कॉफीत पडली, तरी त्यानं मतासाठी हात वर केलाच. समितीचे पाचच्या पाच हात वर! ऑर्विनला मी तिथंच उचलला. कंबर धरली माझी, पण उचलला.

"आणि माझा फोटो?" मी विचारलं.

"राहू दे," आलॉइस कवळी पुसत म्हणाला. "ह्याच्या खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात हॉर्न. ऑर्विन! गाडीत माझा जुना ग्लोव्ह. "चल, चौदा झेल राहिलेत तुझे."

मैदानावर दव होतं. हा तिसऱ्या बेसवर, मी पहिल्यावर, रोझेला बाकावर पुस्तक घेऊन. तेरा झेलले, सलग! चौदावा सूर्याच्या तिरिपीत आला आणि सुटला.

रोझेलानं माझ्याकडं बघितलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहिलं, 'चूक, लॅम्बर्ट.'

"तेरा झेललेत पासष्टीला," मी ओरडलो, "तेही लिही!"