जाळीवरचा शेवंतीचा हार

मल्लेश्वरमचे रघुजी मेकॅनिक. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. रोज सकाळी इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायचं, पाणी काठोकाठ आहे का बघायचं, रबरी नळ्या चिमटून पाहायच्या, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबायचा. हा नेम त्यांनी कधी चुकवला नाही. 'अण्णा, गाडी तापली' म्हणत येणाऱ्याला ते असे झापत की इंजिनाआधी तो बिचाराच गार पडे.

शहाण्णव साली त्यांनी पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतली, जुनी फियाट. त्यांच्या बायकोला, मथुराबाईंना, आभाळ ठेंगणं झालं. आनेकलच्या बहिणीकडे, अहल्येकडे, त्या दर दसऱ्याला बसनं जात. निघताना अहल्या म्हणे, "आमची गाडी सोडेल गं तुला स्टँडवर." ते 'सोडेल' मथुराबाईंना वर्षभर सलत असे. यंदा आपल्या गाडीनं तिच्या दारात उतरायचं! दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, त्यांनी मनगटाएवढा जाड शेवंतीचा हार स्वतः गुंफला आणि रघुजींनी तो केळीच्या पानांसकट गाडीच्या तोंडावर बांधला.

दसऱ्याला निम्म्या वाटेतच तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. रघुजींनी गाडी कडेला घेतली. अर्धा तास झाकणाला हात लावला नाही. उकळतं पाणी उडून भाजलेली माणसं त्यांनी पाहिली होती. मग फडकं धरून झाकण काढलं, थोडं पाणी भरलं. नळ्या ठीक, पट्टा ठीक. एवढ्यात त्यांची नजर समोरच्या जाळीवर गेली आणि ते खजील झाले. हारानं आणि पानांनी जाळी पार बुजली होती. आत रेडिएटरला वारा लागणार कुठून? याच चुकीसाठी ते दर दसऱ्याला गिऱ्हाइकांना फैलावर घेत.

"काय झालंय हो?"

"थर्मोस्टॅट गेला असेल. परत जाऊ या," रघुजी खोटंच बोलले.

मथुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हाराकडे. गॅरेज घराच्या अंगणातच होतं. नवऱ्याची झापाझापी त्यांना तोंडपाठ होती.

"गिऱ्हाइकाची गाडी असती तर?"

"हार ओढून फेकला असता."

"मग काढा की. सरी, ठीक आहे, त्यात काय!" म्हणताना त्यांचा आवाज मात्र ओला झाला.

रघुजींनी पानं फेकली, पण हाराची एकेक गाठ हळुवार सोडवली. फूल तुटू दिलं नाही. गाडी पुढं सुरळीत निघाली. मथुराबाई हार मांडीवर घेऊन त्याच्या पाकळ्या सारख्या करत बसल्या होत्या. रघुजींची नजर सारखी तिकडे जात होती.

अहल्येच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली, हार मागून घेतला आणि जाळीवर पुन्हा पक्का बांधला.

"अहो, परत तापेल की!"

"शंभर पावलांची तर गल्ली," रघुजी म्हणाले. "तापली तर तापू दे."